अर्ध्या गाडीचा माल

२०२४ ची दिवाळी होऊन गेली तरी माझ्या कृषी सेवा केंद्राची उधारी वसूल होईना. आमच्या दुसरबीड गावात खरिपाचा हिशेब सोयाबीनवर चालतो. जूनमध्ये बियाणं, खत, तणनाशक न्यायचं आणि सोयाबीन निघालं की पैसे आणून द्यायचे. मध्ये असतो तो फक्त माणसाचा शब्द आणि वहीतली एक ओळ. त्या वर्षी कुणी शब्द फिरवला नव्हता. माल घरात पडून होता, कारण हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये आणि बाजारातली बोली चार हजारांच्या आसपास. एकरी सहा-सात क्विंटल पिकलं तरी पाच-सहा हजारांचा फरक पडतो. म्हणजे एका एकराच्या बियाण्या-खताचा जवळजवळ सगळा पैसा.

सरकारी खरेदीत ओलाव्याची मर्यादा बारावरून पंधरा टक्के केली, तेव्हा लोकांना धीर आला. मग राज्यभर जागोजागी बारदाना संपला. आमच्या शिवारातले एक काका दुकानात येऊन बसले. म्हणाले, "भाऊ, माल वाळवून ठेवलाय, नंबर बी लागलाय, पन पोतेच नाहीत म्हनतात. तुमचे पैसे कुठून आनू?" मी म्हटलं, "काका, चहा घ्या आधी. पैशाचं बघू." पण मला दुसऱ्या टोकालाही उत्तर द्यायचं होतं. जालन्याच्या घाऊक व्यापाऱ्याने उधारीची मुदत कमी केली होती. त्याचंही बरोबरच होतं, कारण कंपनी त्याच्याकडे रोख मागत होती. रिकाम्या पोत्यांसाठी अडलेला पैसा असा एकेक पायरी चढत वरपर्यंत अडतो. ताण मात्र वरून खाली येतो आणि ज्याच्या खाली कुणी नाही त्याच्यावर थांबतो. तो शेतकरी असतो.

हे गावाने आधीही पाहिलंय. जिजामाता साखर कारखाना चालू होता तेव्हा ऊस उत्पादकच नव्हे, तर हॉटेलवाला, टायरवाला, किराणावाला, सगळ्यांचा पैसा त्या एका धुराड्यातून फिरायचा. कारखाना बंद पडला आणि सगळ्यांचाच आटला. एकाच दारावर संसार टांगायचा नाही, हे माझ्या पिढीच्या मनात तेव्हापासून बसलंय. म्हणून २०२५ च्या खरिपाची तयारी करताना मी पहिल्यांदा मालाच्या यादीकडे नाही, माल येण्याच्या वाटांकडे पाहिलं.

उन्हाळ्यात बुकिंगचे फोन सुरू होतात. आगाऊ पैसे भरा, इतक्या पेट्या उचला, इतकी सूट मिळेल, वर सहलीची स्कीम. तेजीच्या वर्षात हे परवडतं. मंदीच्या वर्षात सवलतीपेक्षा जास्त पैसा फडताळात झोपतो. कीटकनाशकावर १८ टक्के जीएसटी खरेदीच्या वेळीच भरावा लागतो. पावसाने ताण दिला, अळी आलीच नाही, की बाटल्या तशाच राहतात आणि त्यावरची तारीख पुढे सरकत असते. मी स्कीम घेतली नाही. जे हमखास लागतं तेवढंच थोडं भरलं आणि बाकीचं पेरणीनंतर, गरजेप्रमाणे मागवायचं ठरवलं.

यात एक अडचण होती. थोडा माल वारंवार आणायचा तर भाडं वाढतं. आमच्या भागात रेल्वे नाही. खामगाव-जालना मार्गाची मागणी इंग्रजांच्या काळापासून आहे, आमच्या आजोबांनीही तिच्या गोष्टी ऐकल्या होत्या. त्यामुळे खताचं प्रत्येक पोतं रेल्वेच्या धक्क्यापासून ट्रकनेच येतं. खत छापील किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त घेऊन विकता येत नाही, म्हणजे दारापर्यंतचं जास्तीचं भाडं आणि हमाली दुकानदाराच्या मार्जिनमधूनच जाते. मग मी जवळपासच्या गावांतल्या दोन दुकानदारांशी बोललो. आम्ही एरवी एकमेकांची गिऱ्हाइकं ओढणारी माणसं. पण एकच गाडी तिघांत घ्यायची, ज्याच्याकडे माल उतरेल त्याने तिथली हमाली द्यायची आणि भाडं पोत्यांच्या हिशेबाने वाटायचं, एवढं ठरलं. माझ्याकडे अर्धी गाडी यायची. एखाद्याकडे एखादं खत संपलं तर तो आपलं गिऱ्हाईक दुसऱ्याकडे पाठवू लागला. ही गोष्ट मला भाड्याच्या बचतीपेक्षा मोठी वाटते.

डीएपीची ओढाताण त्या खरिपातही होती. आपल्याकडचं बरंचसं डीएपी आणि त्याचा कच्चा माल परदेशातून येतो. चीनने निर्यात आवळली की दुसरबीडच्या दुकानासमोर रांग लागते. शेतकऱ्याला डीएपीच हवं असतं, त्याच्या बापानेही तेच टाकलेलं असतं. मी वहीच्या मागच्या पानावर हिशेब करून दाखवायचो. डीएपीच्या ५० किलोच्या पोत्यात ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद. सिंगल सुपर फॉस्फेटची तीन पोती घेतली तर २४ किलो स्फुरद मिळतं आणि उरलेलं नत्र युरियाच्या अर्ध्या गोणीपेक्षा थोड्या कमीत भागतं. वर सुपर फॉस्फेटमधलं गंधक सोयाबीनसारख्या तेलबियाला लागतंच. हे दरवेळी स्वस्त पडतं असं मी कुणाला सांगितलं नाही. एका पोत्याच्या जागी तीन पोती शेतात न्यायची म्हणजे त्याचंही भाडं आलं. पण पेरणीचा वाफसा डीएपीची गाडी येईपर्यंत थांबत नाही. ज्यांना पटलं त्यांनी नेलं.

सगळ्यात जास्त वेळ मी बियाण्यावर घातला आणि त्यातूनच दुकानाची विक्री सगळ्यात जास्त कमी झाली. सोयाबीन हे स्वपरागसिंचित पीक आहे. सुधारित वाणाचं चांगलं राखलेलं घरचं बियाणं दोन हंगाम सहज वापरता येतं. २०२० च्या खरिपात विकतचं बियाणं न उगवल्याच्या तक्रारींनी राज्य हादरलं होतं. दुबार पेरणीचा घाव मंदीच्या वर्षी कुणालाच झेपणारा नाही. मे महिन्यात मी दुकानाच्या ओट्यावर गोणपाट ओलं करून ठेवायला सुरुवात केली. ज्याने आणलं त्याचे शंभर दाणे मोजून, दहा-दहाच्या ओळीत मांडून गुंडाळायचे आणि रोज पाणी शिंपडायचं. आठवड्यात कोंब मोजता येतात. सत्तर उगवले तर एकरी ३० किलो पेरा. साठच उगवले तर ३५ किलो लागेल. त्याहून फार खाली आलं तर ते बियाणं बाजारात विका, पेरू नका. ज्यांनी मळणीयंत्राचे फेरे कमी ठेवून मळलं होतं आणि पोती आपटली नव्हती, त्यांचे कोंब टपोरे यायचे. सोयाबीनचं साल पातळ असतं, मार सोसत नाही.

माझ्या मुलाने विचारलं, "बाबा, आपणच बियाणं घेऊ नका म्हणतो, मग दुकान कशाला?" मी त्याला उधारीची वही दाखवली. ज्या घराने बियाण्याचा पैसा वाचवला, त्या घराची ओळ पुढच्या दिवाळीत मिटण्याची शक्यता जास्त. माझं भांडवल माझ्या फडताळात नाही, त्यांच्या शेतात आहे. जुन्या थकबाकीवर त्या वर्षी मी व्याज धरलं नाही. ज्यांच्याकडे दूध होतं त्यांनी डेअरीच्या पगारातून थोडं थोडं दिलं, कुणी तुरीवर दिलं. ज्या दोन-तीन घरांची परिस्थिती फारच बिकट होती, त्यांना नवी उधारी खताची दिली, महागड्या फवारणीची नाही, आणि ती का नाही हे समोर बसून सांगितलं. नाराजी झाली. ती मी घेतली.

मग सप्टेंबर २०२५ चा पाऊस आला. शेंगा भरलेल्या असताना शेतात पाणी साचलं. नवा हमीभाव ५,३२८ रुपये होता, पण डागाळलेल्या दाण्याला तो मिळणार कसा? पुन्हा वही उघडी राहिली. तरी जालन्याच्या व्यापाऱ्याचं देणं मात्र मी वेळेवर दिलं, कारण उचललेलाच माल थोडा होता आणि परत करायच्या बाटल्यांची पेटी एकच निघाली.

हरभऱ्याच्या पेरणीआधी ते काका पुन्हा आले. धोतराच्या सोग्यात हरभरा बांधून आणला होता. "हे बी मोजता का, भाऊ?" मी गोणपाट ओलं केलं.