घोषणा पहिल्यांदा देतं कोण?

घाटनांदुरात फुटबॉलची ईर्ष्या नाही. परळी–लातूर रोड रेल्वेमार्गावरच्या या गावात जत्रेतली कुस्ती, कबड्डी आणि टेनिस बॉलचं क्रिकेट एवढ्यावर लोकांचं भागतं. तरीही कोल्हापूरच्या फुटबॉलबद्दल मी लिहितोय. एक तर बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडीच्या टोळ्या दरवर्षी कोल्हापूर-सांगलीकडच्या कारखान्यांवर जातात आणि गाळप जोरात असतं त्याच महिन्यांत तिकडचा फुटबॉलचा हंगामही भरात असतो, त्यामुळे तिकडच्या पेठा आम्हाला अगदीच परक्या नाहीत. दुसरं म्हणजे आता सामना बघायला कोल्हापूर गाठावं लागत नाही. तो थेट मोबाइलवर दिसतो, आणि समालोचकाच्या मागून गॅलरी काय ओरडतेय तेही इथं बसून स्वच्छ ऐकू येतं. ते घरात मोठ्यानं लावता येत नाही. आवाज बंद करून सामना बघणाऱ्या माणसाला पडणारे प्रश्नच मी इथं मांडतोय.

कोल्हापूरचा फुटबॉल तालमींच्या अंगाखांद्यावर वाढला. शाहू महाराजांच्या काळात कुस्तीसाठी पेठोपेठी तालमी उभ्या राहिल्या आणि पुढं त्याच तालमींची, तरुण मंडळांची पोरं चेंडूमागे धावू लागली. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही नावं मुळात तालमींची आहेत. जोडीला शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी. १९४० पासून कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे केएसए, हा खेळ चालवते आणि शाहू स्टेडियमवर मोठ्या सामन्याला जी गर्दी लोटते ती महाराष्ट्रात दुसऱ्या कुठल्या स्थानिक फुटबॉलला क्वचितच मिळते. २०१७ साली सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला. आणि याच गॅलरीतून समोरच्या मंडळाच्या, त्याच्या गोलरक्षकाच्या, पंचाच्या आईबहिणीचा उद्धार तालासुरात चालतो. खेळाडू गोल मारून गॅलरीकडे हातवारे करतात, गॅलरी बाटल्या भिरकावते, सामना थांबतो आणि कधीकधी भांडण स्टेडियमच्या दारातून पेठेच्या कोपऱ्यावर जातं. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात ‘हुल्लडबाजी’ एवढाच शब्द येतो. त्या शिव्या मीही इथं देत नाही. मराठी वाचकाला त्या पाठ आहेत.

‘पोरांचा जोश असतो, ओघात तोंडातून जातं’ असं याचं समर्थन नेहमी ऐकू येतं. ते मला मुळातच पटत नाही. ओघात जाते ती एकट्याची शिवी. पेनल्टी बाहेर गेली, कपाळावर हात गेला, तोंडातून काहीतरी सुटलं आणि विरून गेलं. त्या शिवीशी माझं काही भांडण नाही; शेतात बैल अडला तरी तेच होतं. घोषणेचं तसं नसतं. गॅलरीचं चित्रण एकदा नीट बघा. एक जण मैदानाकडे पाठ करून उभा असतो. सामना त्याला दिसतच नाही, त्याचं लक्ष आपल्या माणसांवर असतं. तो हात वर करतो, हलगीवाला दोन ठेके टाकतो, पहिली ओळ एकटा तो म्हणतो आणि शेवटचा शब्द बाकीच्यांसाठी मोकळा सोडतो. शिवी त्या मोकळ्या जागेत येते. पहिल्या खेपेला पंधरावीस तोंडं उघडतात, तिसऱ्या खेपेला सगळी गॅलरी. शेकडो माणसांच्या तोंडून एकाच मात्रेवर एकच शब्द बाहेर पडतो तेव्हा त्यामागं बांधणी असते, म्होरक्या असतो, सराव असतो. कुणीतरी तो शब्द आधी निवडलेला असतो आणि कोपऱ्यात उभ्या दहा वर्षांच्या पोराला तो त्याच दिवशी शिकवला जातो. ज्या गोष्टीची एवढी व्यवस्था करावी लागते तिला जोश म्हणून कशी सोडून द्यायची?

बाहेरचे दाखलेही हेच सांगतात. मँचेस्टर युनायटेडच्या संघाचं विमान १९५८ साली म्युनिकला कोसळलं आणि २३ माणसं गेली. १९८९ मध्ये शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरीत सापडून लिव्हरपूलचे ९७ समर्थक गेले. या मरणांची टिंगल करणारी गाणी इंग्लंडच्या मैदानांवर आजही ऐकू येतात आणि ती म्हणणाऱ्यांत त्या वेळी जन्मलेलीही नसलेली पोरं असतात. ज्यानं ते मरण पाहिलं नाही, ज्याचं त्यात काही गेलं नाही, त्याच्या मनात ही चीड आपोआप उगवत नाही, कुणीतरी ती पढवलेली असते. मेक्सिकोत समोरचा गोलरक्षक गोलकिक मारायला पावलं टाकू लागला की प्रेक्षक आवाज चढवत नेतात आणि चेंडूला पाय लागताच समलिंगी पुरुषांना हिणवणारा एक शब्द एकदम फुटतो. घड्याळ लावावं इतकं ते नेमकं असतं. त्याला उत्स्फूर्त म्हणायला जीभ रेटत नाही.

यावर शहाणी माणसं परंपरेचा दाखला देतात आणि तो तोलामोलाचा आहे. शिमग्याला बोंब मारायची मुभा आपल्याकडे आहेच. सातारा जिल्ह्यात, खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरी ही दोन गावं आहेत. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावच्या बायका मधल्या ओढ्याच्या दोन काठांवर जमतात, वाद्यं कडाडतात आणि हातवारे करत त्या एकमेकींना शिव्यांची लाखोली वाहतात. बोरीचा बार म्हणून तो प्रसिद्ध आहे आणि बघायला लांबून माणसं येतात. मग शाहू स्टेडियमलाच नाक का मुरडायचं? माझ्या मते या दाखल्यानं समर्थन होण्याऐवजी अडचणच होते. बारात शिवी देणारी आणि घेणारी समोरासमोर असतात, दोघींच्या तोंडात सारखंच बळ असतं, दिवस ठरलेला असतो, काठ ठरलेला असतो, आणि बार संपला की तो वर्षाचा संपतो. स्टेडियममध्ये यातलं काय आहे? जिच्या नावानं घोषणा चालते ती गोलरक्षकाची आई तिथं नसते. तिला उत्तर देता येत नाही, तिनं खेळात भागही घेतलेला नाही. पंचाला तर उत्तर द्यायची मनाईच आहे. आणि संपण्याचं म्हणाल तर धुळवडीला अंग धुतलं की शिमगा संपतो, मोबाइलवर फिरणारी चित्रफीत संपत नाही. ती त्या आईच्या गल्लीत पोहोचते, पोराच्या कॉलेजात पोहोचते, पुढच्या सामन्याआधी मुद्दाम पुन्हा फिरवली जाते. परंपरेनं शिवीला कुंपण घातलं होतं. आपण शिवी घेतली आणि कुंपण काढून टाकलं.

दुसरा आक्षेप मला जास्त टोचतो, कारण तो आमच्यासारख्यांच्या बाजूनं घेतला जातो. कष्टकऱ्यांची भाषा अशीच असते, तुम्ही पांढरपेशे तिला सोवळं नेसवायला निघालात, असं म्हणतात. यात खरं आहे ते मान्यच केलं पाहिजे. मराठवाड्यात दोस्त दोस्ताला शिवी घातल्याशिवाय हाक मारत नाही आणि त्यात कुणाचा अपमान होत नाही. स्कॉटलंडनं २०१२ साली फुटबॉल सामन्यांतल्या आक्षेपार्ह वर्तनाविरुद्ध खास कायदा केला, तेव्हाही तिथल्या समर्थकांची तक्रार हीच होती, की आमचीच गाणी तेवढी गुन्हा कशी ठरतात. अखेर २०१८ मध्ये तो कायदा रद्द झाला. पण कष्टकऱ्यांची भाषा म्हणताना त्या कष्टकऱ्यांत बाया धरल्यात की नाही? ऊसतोडीत कोयत्याची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, नवराबायकोच्या जोडीला मिळते. फडात मुकादमाची शिवी खाली पडते ती बहुतेक वेळा जोडीतल्या बाईच्या शरीरावर, आणि ती नवऱ्याला उद्देशून असली तरी शरीर तिचंच असतं. ही भाषा आमची आहे असं अभिमानानं सांगणाऱ्यांत ती बाई मला कधी दिसलेली नाही. तेच जातीचं. समोरच्या पेठेला हिणवता हिणवता घोषणा आडनावाकडे वळायला वेळ लागत नाही. आडनावाच्या बाजू झाल्या की काय होतं ते बीडकरांना कुणी शिकवायला नको; २०२५ मध्ये इथल्या पोलीस दलाला नावाच्या पाट्यांवरून आडनावं काढावी लागली.

तिसरं म्हणणं असं, की शिव्या काढल्या तर मैदान थंड पडेल. भारताचा तेव्हाचा कर्णधार सुनील छेत्री यानंसुद्धा शिव्या द्या पण या, असं सांगितलं होतं ना? सांगितलं होतं. जून २०१८ मध्ये अंधेरीच्या मैदानावर भारतानं चिनी तैपेईला ५–० हरवलं तेव्हा प्रेक्षक अडीच हजारांच्या घरात होते. त्यानंतर त्यानं चित्रफितीतून हात जोडले, आणि त्या सामन्यानंतर तीनच दिवसांनी केनियाविरुद्धचा, त्याचा शंभरावा सामना भरगच्च गर्दीत झाला. पण तो काय म्हणत होता ते नीट बघावं: आमच्या तोंडावर बोला, आमच्या खेळावर टीका करा. जो खेळतोय त्याला, त्याच्या खेळाबद्दल, त्याच्या समोर. एवढं कुणीही खिलाडू माणूस घेईल. थंड पडण्याच्या भीतीला तर इस्तंबूलनं उत्तर दिलेलं आहे. २०११ मध्ये फेनरबाचेच्या प्रेक्षकांनी मैदानात घुसून गोंधळ घातला. शिक्षा म्हणून पुढचे सामने रिकाम्या स्टेडियममध्ये व्हायचे होते. त्याऐवजी फक्त बायका आणि बारा वर्षांखालची मुलं यांना मोफत आत सोडलं. चाळीस हजारांहून जास्त आल्या आणि आवाजाला काही कमी पडली नाही. पुरुषांना कायमचं बाहेर ठेवा असं मी म्हणत नाही. आवाज शिवीवर चालतो हा समज तेवढा त्या एका सामन्यानं मोडला.

मग करायचं काय? सार्वजनिक ठिकाणी अश्लील बोलणं आणि गाणं भारतीय न्याय संहितेच्या कलम २९६ खाली आजही गुन्हा आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजारापर्यंत दंड. चारचौघांत जातिवाचक शिवीगाळ केली तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. पण हजारोंच्या गॅलरीत पोलीस कुणाचं तोंड धरणार? फिफानं मेक्सिकोच्या महासंघाला वर्षानुवर्षं दंड ठोठावला आणि ओरडणाऱ्याच्या खिशातून छदामही गेला नाही. घोषणा चालूच राहिली. स्पेनमध्ये उलट झालं. फुटबॉलपटू व्हिनिसियस ज्युनियरला २०२३ मध्ये व्हॅलेन्सियाच्या मैदानावर वर्णद्वेषी शिव्या देणारे तिघं शोधून काढले आणि जून २०२४ मध्ये प्रत्येकाला आठ महिन्यांची शिक्षा व दोन वर्षं मैदानबंदी झाली. म्हणजे माणूस सापडला तर फरक पडतो. आणि कोल्हापुरात माणूस शोधायला कॅमेराही लागत नाही. मैदानाकडे पाठ करून उभा राहणारा कोण, हलगी कुणाची, हे तालमीच्या कट्ट्यावर बसणाऱ्या प्रत्येकाला नावानिशी ठाऊक असतं. नेवासे तालुक्यातल्या सौंदाळा गावानं नोव्हेंबर २०२४ मध्ये ग्रामसभेत ठराव केला, की आईबहिणीवरून शिवी देणाऱ्याला पाचशे रुपये दंड. त्या पाचशेची वसुली किती होते हा मुद्दा माझ्या लेखी दुय्यम आहे. ठराव ज्यांची तोंडं तशी बोलतात त्यांनीच केला, हे त्यातलं नवं.

केएसएनं पैशाच्या दंडाच्या नादी लागूच नये. पैसे मंडळाच्या वर्गणीतून जातात आणि वर्गणी पुन्हा जमते. लीगच्या तक्त्यातला गुण गेला तर तो परत येत नाही, आणि ईर्ष्येवर जगणाऱ्या पेठेला दुखतं तेच. घोषणा उठली की पंचानं सामना थांबवावा, मंडळाच्या पदाधिकाऱ्याला गॅलरीसमोर उभं करावं, दुसऱ्यांदा उठली तर गुण कापावा. यावर ताबडतोब शंका निघेल, की समोरचं मंडळ आपलीच पोरं आमचे टी-शर्ट घालून आमच्या गॅलरीत घुसवेल आणि ओरडायला लावेल. मोठ्या शहरातल्या क्लबाला ही भीती खरी असेल. कोल्हापुरात, जिथं तीन गल्ल्यांपलीकडचं पोर कुणाचं हे आजोबासुद्धा चालीवरून सांगतात, तिथं घुसलेल्या पोराला हलगीवाला ताल देईल का, एवढंच त्या मंडळांनी मला सांगावं.