आधी त्यांची पावलं

पंथी नाच चित्रित करायचा असेल तर ट्रॉली सुरुवातीला गाडीतच राहू द्यावी. १८ डिसेंबरला, गुरू घासीदास जयंतीला, रायपूरच्या आसपासच्या गावांत जैतखांबाभोवती सतनामी तरुण रिंगण धरतात. मांदर आणि झांज आधी संथ असतात. मग लय चढत जाते, इतकी की पावलं डोळ्यांत मावत नाहीत. अशा वेळी गिंबल हाती असलेला मुलगा हमखास रिंगणाबरोबर धावू लागतो. पण कॅमेरा नर्तकांच्याच दिशेनं, त्यांच्याच वेगानं फिरला की ते चौकटीत जागच्या जागी दिसतात आणि मागची गर्दी पळू लागते. त्यांचा वेग आपणच पुसून टाकतो. उलट दिशेनं फिरलं तर वेग दुणावतो, पण एकही चेहरा हाती लागत नाही. कॅमेरा ट्रायपॉडवर स्थिर ठेवावा. माणसं येतात, जातात, पुन्हा येतात, दर फेरीला अधिक घामेजलेली; चढती लय तिथे दिसते.

हालचालीचा पहिला हक्क समोरच्या माणसाचा, असं मी मानतो.

तरीही कॅमेरा हलवायचाच तर हालचालींतला फरक ओळखावा. पॅनमध्ये कॅमेरा जागेवरूनच आडवा वळतो. ट्रॉलीत तो जागा सोडतो, म्हणून जवळचा खांब दूरच्या घरापेक्षा भरभर सरकतो आणि खोली जाणवते. झूममध्ये ही खोली येत नाही, वस्तू नुसती मोठी होते. रायपूरच्या तेलीबांधा तलावावर पॅन घेताना माझी शिकाऊ मुलं घाई करतात. सेकंदाला २४ फ्रेम असताना एखाद्या वस्तूला चौकट ओलांडायला ७ सेकंद तरी द्यावेत, नाहीतर काठचे दिवे धक्के खात सरकतात.

सत्यजित राय यांनी १९८१ साली दूरदर्शनसाठी केलेली ‘सद्गती’ ही फिल्म याच मुलखात चित्रित झाली. स्मिता पाटील आणि मोहन आगाशे त्यात होते, छायाचित्रण सौमेंदू राय यांचं. त्यात दुखी नावाच्या माणसाच्या भूमिकेतले ओम पुरी ओंडक्यावर कुऱ्हाड घालत राहतात आणि ओंडका फुटत नाही. शिकाऊ मुलांना मी तो प्रसंग आवाज बंद करून दाखवतो आणि विचारतो, इथे नजर कशावर खिळते? कुऱ्हाडीवर, खांद्यांवर, असंच उत्तर येतं. कॅमेऱ्याचं नाव कुणी घेत नाही. मला तेच हवं असतं.

पुन्हा पंथीकडे. तिथे नर्तक एकमेकांच्या खांद्यांवर चढून मनोराही रचतात. तेव्हा टिल्ट करावा, म्हणजे कॅमेरा जागेवरूनच खालून वर उचलावा, मनापासून उचलावा. फक्त वर चढणाऱ्याचा पाय खालच्याच्या खांद्यावर टेकेपर्यंत थांबावं, आणि तो सरळ उभा राहिला की तिथेच हात आवरावा.