मुद्दल वाढत नाही

आज माझ्याच एका चुकीबद्दल लिहितोय.

दोन वर्षांपूर्वी आमचा डीव्हीडी प्लेअर बंद पडला. टीव्हीला पेनड्राईव्ह चालतो, म्हणून हिनं हौसेनं जमवलेल्या जुन्या मराठी सिनेमांच्या डीव्हीडी एका दुकानात देऊन फाईली करून घेतल्या. एवढ्याशा पेनड्राईव्हमध्ये सगळं मावलं! त्या आनंदात डीव्हीडी रद्दीवाल्याला दिल्या. ही असती तर देऊ दिल्या नसत्या.

एकच वाचली, 'शेजारी'ची. ती अक्काची, म्हणून तिला परत केली. व्ही. शांतारामांचा हा प्रभातचा सिनेमा १९४१ चा. शांताराम पोरवयात हुबळीच्या रेल्वे कारखान्यात अन् मग पत्र्याच्या थिएटरात कामाला होते, हे अक्का येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानानं सांगते.

चिगरी बसनं धारवाडला गेलो, मालमड्डीत अक्काला फाईल लावून दिली. चौऱ्याऐंशीची ती, चष्मा पुसत म्हणाली, "अरे, माणसं अशी आडवी का सुटलीत? आणि धरण फुटल्यावर पाणी कुठाय?" खरंच, पाण्याच्या जागी नुसते चौकोन थरथरत होते.

सुट्टीला आलेल्या नातवानं ती डीव्हीडी मऊ फडक्यानं मधून कडेकडे पुसली (गोल गोल पुसायची नाही म्हणे) आणि हँडब्रेक नावाच्या फुकट प्रोग्रॅमवर पुन्हा फाईल केली. चित्राचं मूळ माप ४:३ ठेवलं, म्हणून माणसं सडपातळ झाली. हालचालीत दिसणाऱ्या कंगव्यासारख्या रेघा काढल्या. क्वालिटीचा आकडा १८ ठेवला. तिथं आकडा लहान तेवढं चित्र चांगलं. दुकानाची फाईल ३५० एमबीची होती, ही दीड जीबीच्या आसपास गेली. धो धो पाण्यात प्रत्येक क्षणी चित्र बदलतं, त्याला जागा जास्त लागते. जागा वाचवली की आधी पाणीच जातं.

मी म्हटलं, "अजून मोठं, स्वच्छ कर की." तो म्हणाला, "आजोबा, मुळात ७२० बाय ५७६ ठिपके आहेत. ताणून मोठं होईल, पण नवीन काही येणार नाही."

जन्मभर बँकेत व्याज मोजलं, पण हे मुद्दल वाढत नाही. ते फक्त घटू द्यायचं नसतं.

अक्कानं धरण पाहिलं. पाणी आलं, तशी हात जोडून बसली.

परतताना नातवाला विचारलं, "आजीच्या बाकीच्या फाईली सुधारतील का रे?" तो खिडकीबाहेर बघत राहिला.

मंडळी, फाईल करा, जरूर करा. पण डीव्हीडी टाकू नका.