औषध किती वेळात चढते?

भुलीच्या इतिहासात वेदनेवरील विजयाची कथा वारंवार सांगितली जाते. त्याच इतिहासात मिनिटांची आणि सेकंदांचीही एक कथा आहे. ती फारशी सांगितली जात नाही, पण अनेक माणसे दगावली ती तिच्यात.

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टन येथे विल्यम मॉर्टन याने ईथरचा जाहीर प्रयोग केला. ईथर परिणामकारक होते, पण संथ. त्याची वाफ घशाला झोंबे, रुग्ण खोकत, धडपडत आणि गाढ भूल चढण्यास काही मिनिटे जात. पुढल्याच वर्षी, नोव्हेंबर १८४७ मध्ये, एडिनबर्गच्या जेम्स यंग सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्म पुढे आणले. गोडसर वास, रुमालावर थोडेसे द्रव, मोजके श्वास, आणि रुग्ण निश्चेष्ट. ही शीघ्रता डॉक्टरांना वरदान वाटली.

तीन महिनेही उलटले नव्हते. २८ जानेवारी १८४८ रोजी इंग्लंडमधील न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर ही १५ वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचे नख काढण्यासाठी खुर्चीत बसली. अशीच शस्त्रक्रिया तिने काही महिन्यांपूर्वी ईथरच्या भुलीखाली निभावून नेली होती. या वेळी कापडावर चमचाभर क्लोरोफॉर्म घेतले गेले. काही मिनिटांतच ती मरण पावली. क्लोरोफॉर्मचा हा पहिला नोंदलेला बळी.

मृत्यूच्या कारणावरून वाद पेटला. तिला शुद्धीवर आणण्यासाठी पाजलेल्या पाण्याने व ब्रँडीने ती गुदमरली, असे सिम्प्सन यांचे म्हणणे. लंडनच्या जॉन स्नो यांना (पुढे कॉलऱ्याच्या पंपामुळे अजरामर झालेले तेच) ते पटले नाही. कापडावरून येणारी वाफ किती तीव्र आहे हे कोणालाच कळत नाही, ही त्यांची हरकत होती. ईथरच्या संथपणात डॉक्टरला सावध होण्यास अवधी मिळे. क्लोरोफॉर्म तो देत नसे. याच स्नो यांनी एप्रिल १८५३ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या प्रसूतीत रुमालावरूनच क्लोरोफॉर्म दिले, पण थोडेथोडे करून तब्बल ५३ मिनिटे. द्रव्य तेच आणि साधनही तसेच साधे. बदलली होती ती फक्त देण्याची गती.

विसाव्या शतकात औषध शिरेतून जाऊ लागले. १९३४ साली अमेरिकेत वापरात आलेले थायोपेंटल सुमारे अर्ध्या मिनिटात शुद्ध हरपवी, म्हणजे रक्ताला दंडातून मेंदूपर्यंत पोहोचण्यास लागतो जवळपास तेवढ्याच वेळात. मेदात सहज विरघळणारे औषध मेंदूत झटकन शिरते, हे त्यामागचे कारण. १९६३ साली बाजारात आलेले डायझेपामही याच जातीचे. मात्र ते पाण्यात विरघळत नसल्याने त्याचे इंजेक्शन शिरेत आग करी.

मिडाझोलॅमने ही आग थांबवली. त्याची रचना मोठी चतुर आहे: कुपीतील आम्ल द्रावणात रेणूचे एक कडे उघडते व औषध पाण्यात विरघळते, रक्तात शिरताच ते कडे मिटते आणि औषध मेदस्नेही होते. अमेरिकेत ते १९८६ साली आले, आणि दुर्बिणीने पोट तपासणाऱ्या डॉक्टरांनी ते डायझेपामच्याच सवयीने वापरले.

घात इथेच झाला. पुढे मेंदूच्या विद्युतलहरी मोजल्यावर दिसले की रक्त व मेंदू यांच्यातील निम्मा समतोल साधण्यास डायझेपामला सुमारे १.६ मिनिटे लागतात, तर मिडाझोलॅमला ४.८. शिवाय मिलिग्रॅमला मिलिग्रॅम ते कितीतरी अधिक जोरकस. सुई टोचली, मिनिट गेले, रुग्ण जागाच. म्हणून आणखी एक मात्रा. मग दोन्ही मात्रा एकत्र चढत आणि श्वास थांबे. अनेकदा खोलीत भूलतज्ज्ञ नसे, आणि दुर्बिणीत गुंतलेल्या डॉक्टरचे लक्ष पडद्यावर असे. डझनावारी मृत्यू नोंदले गेले. रुग्ण अतिसंवेदनशील होते, असे म्हणणे सोपे होते. पण दोष घड्याळाकडे न पाहण्याच्या सवयीचा होता.

त्यानंतर औषधावर ठळक चौकटीत इशारा आला, आणि प्रति मिलिलिटर ५ मिलिग्रॅमच्या जोडीला १ मिलिग्रॅमची सौम्य कुपी निघाली. सूचनापत्रातील मजकूर आजही जवळजवळ तोच आहे: निरोगी प्रौढास पहिली मात्रा २.५ मिलिग्रॅमहून अधिक नको, ती किमान २ मिनिटे घेऊन द्यावी, आणि पुढची देण्यापूर्वी आणखी किमान २ मिनिटे थांबावे.