वासरटांक

"आमच्या मशीनमध्ये वासरू अडकलंय," फोनवर काकू म्हणाल्या.

मागून काकांचा आवाज आला, "वासरू नव्हे गं, वासर! वासरटांक फ्युलन. टाकी भरा म्हणतंय ते."

"टाकी काठोकाठ भरलेली आहे," काकूंनी हे त्यांना आणि मला एकदमच सांगितलं.

कोथरूड, तिसरा मजला, लिफ्ट नाही. मुलगा श्टुटगार्टला असतो. मागच्या दिवाळीत येताना त्याने आपलं जुनं ऑटोमॅटिक एस्प्रेसो मशीन कपड्यांत गुंडाळून आणलं. जर्मनीतली वीज आपल्यासारखीच, 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झ, त्यामुळे नुसता प्लग बदलला की काम भागतं. अमेरिकेतून आणलेल्या मशीनचं तसं नसतं. लोक ट्रान्सफॉर्मर लावून मोकळे होतात, पण ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ नाही, आणि या मशीनचा पंप नाचतो तो हर्ट्झच्या तालावर. काकांनी स्क्रीनची भाषा मुद्दाम जर्मनच ठेवली होती. नातवाशी बोलता यावं म्हणून त्यांनी सत्तरीत जर्मन शिकायला घेतलंय, आणि सकाळी सहा वाजता घरात जर्मन बोलणारं दुसरं कोणी नाही.

मी मूळची मिक्सरवाली. बुधवार पेठेत, तपकीर गल्लीपासून दोन मिनिटांवर बाबांचं दुरुस्तीचं दुकान होतं, ते आता मी चालवते. "मिक्सर बंद पडला" म्हणून आलेल्या बायकांपैकी कितीतरी जणींचं काम बाबा मिक्सर उलटा करून, बुडाशी असलेलं ओव्हरलोडचं लाल बटण दाबून करायचे. त्याचे पैसे घ्यायचे नाहीत. पण एक प्रश्न हमखास विचारायचे, "काय वाटत होतात?" उत्तर असायचं नीट न भिजलेली डाळ, नाहीतर फ्रीजमधून काढलेलं दगडासारखं खोबरं. "मशीनला विचारायच्या आधी माणसाला विचार," असं ते मला सांगत. आणि मशीनला विचारायचं म्हणजे स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मोटरच्या अंगाला टेकवायचं नि मूठ कानाला लावायची. आतलं बेअरिंग घासतंय की नुसता कपलर गेलाय, हे त्या लाकडी मुठीतून सरळ कानात येतं. तो स्क्रू-ड्रायव्हर अजून माझ्या पिशवीत असतो.

कॉफीच्या मशीनकडे मी पाच-सहा वर्षांपूर्वी वळले, तेही आपणहून नाही. औंध-बाणेरकडची मंडळी मिक्सरबरोबर ही मशीनंही घेऊन यायला लागली. पहिलं मशीन खोललं तेव्हा मला घामच फुटला. एवढ्याशा डब्यात चक्की, पंप, हीटर, पिस्टन आणि नळ्यांचं जंजाळ. नंतर कळलं की यात अनोळखी असं फारसं काही नाही. चक्की म्हणजे आपलं जातंच. वरून दाणे पडतात, सात ते दहा ग्रॅम पूड ब्रू युनिटमध्ये जाते, पिस्टन ती दाबून वडी करतो, आधी थोडं पाणी सोडून ती भिजवतो आणि मग नव्वदीच्या पुढचं गरम पाणी जोराने तिच्यातून काढतो. वडीवर दाब येतो साधारण नऊ बारचा. पंपावर मात्र पंधरा बार लिहिलेलं असतं आणि दुकानदार ते मोठ्या अभिमानाने सांगतो.

हा दाब एके काळी माणसाच्या दंडातून यायचा. दुसऱ्या महायुद्धानंतर मिलानच्या आकिल्ले गाज्जा यांनी दांडा आणि स्प्रिंग लावलेलं मशीन बाजारात आणलं, तेव्हापासून एस्प्रेसोवर तो बदामी साईसारखा थर यायला लागला. 1961 मध्ये फाएमा कंपनीच्या ई-61 ने दांड्याच्या जागी विजेचा पंप बसवला. घरगुती ऑटोमॅटिकमध्ये तर माणसाकडे एक बटणच उरलं. दांडा ओढणाऱ्याला वडी घट्ट बसली की सैल, पाणी येतंय की नाही, हे हातालाच कळायचं. ते सगळं आता पाच-सहा सेन्सरांवर सोपवलंय, आणि प्रत्येक सेन्सरला एकच गोष्ट कळते. दरवाजाच्या स्विचला फक्त दरवाजा, चोथ्याच्या डब्याच्या स्विचला फक्त डबा. टाकीत एक तरंगता लोहचुंबक असतो, त्याला फक्त पाण्याची पातळी. आणि टाकी ते पंप या वाटेवर सुपारीएवढ्या डबीत एक इवलंसं चक्र असतं, फ्लो मीटर. पाणी गेलं की ते फिरतं, त्यातले चुंबक बाहेरच्या सेन्सरसमोरून जातात, आणि मशीन फेऱ्या मोजून पेल्यात किती पाणी गेलं ते ठरवतं. पंप चालू होऊन काही सेकंदांत फेऱ्या आल्याच नाहीत, तर मशीन पंप थांबवतं आणि म्हणतं, टाकी भरा. त्याच्याकडे दुसरं वाक्यच नसतं.

पुण्यात ही मशीनं का बंद पडतात, असं कोणी विचारलं तर मी झोपेतसुद्धा "पाणी" म्हणेन. खडकवासल्याचं पाणी तसं हलकं. पण नव्या सोसायट्यांमध्ये बोअरचं नाहीतर टँकरचं येतं, त्यात कॅल्शियमचे क्षार विरघळलेले असतात. मीठ-साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, याचं उलटं. पाणी तापलं की हे क्षार बाहेर पडून जिथे सगळ्यात गरम तिथेच बसतात. गीझरच्या कॉइलवर जी पांढरी खपली धरते तीच मशीनच्या हीटरमधल्या पेन्सिलीच्या शिशाएवढ्या वाटेत धरते. मग कोणीतरी नेटवर वाचून व्हिनेगर ओततं. व्हिनेगरने रबरी रिंगा खराब होतात आणि पुढचे पंधरा दिवस कॉफीला लोणच्याचा वास येतो. लिंबूसत्वही गरम पाण्यात घट्ट घातलं तर क्षाराशी मिळून नवीनच साका तयार होतो. त्याच मशीनसाठी मिळणारं औषध त्याच प्रमाणात घालावं, एवढं साधं असतं ते, पण साधं कोणी ऐकत नाही.

बाकीची कारणं घराघराप्रमाणे. एका मद्रासी कुटुंबाकडचं मशीन महिन्याला जाम व्हायचं. ते पुडीच्या झाकणातून आपली नेहमीची फिल्टर कॉफी घालायचे, सत्तर टक्के कॉफी आणि तीस टक्के चिकोरी. फिल्टरच्या भांड्यात ती रात्रभर निवांत ठिबकते. इथे नऊ बारखाली चिकोरीचा चिकट गाळ होतो आणि वरची जाळी लिंपली जाते. दुसऱ्या एका घरी काळेभोर, तेलाने चकचकणारे दाणे होते. ते चक्कीच्या तोंडाशी एकमेकांना चिकटून बसत, खाली उतरतच नसत. आणि ब्रू युनिट धुवायचं असतं, त्याच्या रिंगांना खाण्याला चालणारं सिलिकॉन ग्रीस लावायचं असतं, हे तर कोणाच्या गावीही नसतं. कोरड्या रिंगा करकर वाजतात, पिस्टन अर्ध्यावर अडकतो, नि फोन येतो की मशीन जळलं.

जळलेलं मशीन मी खरं तर क्वचितच पाहिलंय.

तर कोथरूड. टाकी पाहिली, भरलेली. तरंगता चुंबक वरखाली होत होता. गरम पाण्याचं बटण दाबलं. पंप घुमला, तोटीतून पाण्याची बारीक धार आली, चार-पाच सेकंदांनी सगळं बंद. वासरटांक. सवयीने स्क्रू-ड्रायव्हर पंपाच्या बाजूला टेकवून कान लावला. हा पंप म्हणजे एक वेटोळं, त्यात पोलादी दट्ट्या आणि स्प्रिंग. विजेची अर्धी लाट दट्ट्या ओढते, उरलेल्या अर्ध्या लाटेत स्प्रिंग त्याला परत फेकते, सेकंदाला पन्नास वेळा. हवा ओढत असला तर तो टिनाच्या डब्यात वाटाणे घातल्यासारखा खडखडतो. पाणी मिळालं की आवाज दबतो, जड होतो, उशीखाली मोबाइल थरथरावा तसा.

आवाज जड होता. म्हणजे पंपाला पाणी मिळत होतं. तोटीतून आलेलंही मी डोळ्यांनी पाहिलं होतं. एवढ्यावर मी थांबायला हवं होतं. कान म्हणतोय पाणी आहे आणि स्क्रीन म्हणतेय पाणी नाही, तर या दोघांच्या मध्ये कोण बसलंय एवढाच प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर मघाशी सांगितलेल्या त्या सुपारीएवढ्या डबीत होतं.

पण मी क्षार क्षार करत तीन जिने चढून आले होते. धार बारीक आहे ना, मग क्षारच. पंपाचा आवाज जड आहे ना, मग पुढे वाट तुंबली असणार, म्हणून जड. एकदा मनाशी चोर ठरला की त्याच्या घरची भांडीसुद्धा चोरीची वाटतात, तसं माझं झालं. मी टाकी काढून तिच्या बैठकीच्या छिद्रात सिरिंजने पाणी दाबलं. नळीत हवा अडकली असेल तर सुटावी म्हणून हे आम्ही नेहमीच करतो. मग औषध घालून तासभर मशीन आतून धुतलं. निघालेलं पाणी जवळजवळ स्वच्छच होतं, तेही मी पाहून न पाहिल्यासारखं केलं. मशीन चालू झालं. काकांनी "डांके" म्हटलं. मी पैसे घेतले.

चौथ्या दिवशी फोन. "अगं, वासरू परत आलं."

हातातलं काम परत येण्यासारखी नामुष्की नाही. त्या सकाळी मी पिशवी दाराशीच ठेवली आणि म्हटलं, "काकू, तुम्ही रोज करता तसं सगळं करा. मी नुसती बघते."

काकूंनी टाकी काढली, विसळली. नळाखाली धरली नाही. ओट्याच्या कोपऱ्यात तिवईवर माठ होता, त्यात पितळी ओगराळं बुडवलं आणि टाकी भरली. एप्रिल चालू होता. ओगराळ्याबरोबर स्वयंपाकघरात ओल्या मातीचा आणि आणखी कशाचा तरी गार वास पसरला.

"माठात वाळा आहे?"

"आहे की. पाडव्यापासून घालते. चांगल्या पाण्याची कॉफी चांगली होणार ना?"

यावर बोलण्यासारखं काहीच नव्हतं. मी मशीन पालथं करून मागची बाजू खोलली. फ्लो मीटरच्या दोन्ही नळ्या सोडवल्या, झाकण पाव वळसा फिरवून काढलं. चक्राच्या आसाभोवती तपकिरी दोऱ्याचे दोन वेढे. चिमट्याने ओढला तर वाळ्याचा एक तंतू, केसाहून जरासा जाड, बोटाच्या पेराएवढा लांब. टाकीच्या तळाला जाळी असते. तंतू आडवा आला तर तिच्यावर अडतो, उभा आला तर निसटतो. चक्र अडलं तरी पाणी त्याच्या कडेने जातच होतं, मोजलं मात्र जात नव्हतं. पहिल्या दिवशी माझ्या सिरिंजच्या धक्क्याने वेढा सैल झाला असणार, आणि मी त्याचं श्रेय औषधाला देऊन, वर पावती फाडून आले होते. 'काय वाटत होतात' हा प्रश्न मी विचारलाच नव्हता.

पहिल्या खेपेचे पैसे मी परत ठेवले. काकूंनी ते परत माझ्या पिशवीत टाकले. मग मी ते देवघराच्या कोनाड्यात ठेवले, तिथून उचलायला त्या धजावल्या नाहीत.

"मग आता वाळा काढून टाकू?" त्यांनी विचारलं, माठाकडे अशा नजरेने पाहत की मी हो म्हणाले असते तर मशीनच गेलं असतं.

"माठ तसाच राहू दे. टाकीत ओतताना फक्त पंच्याचं फडकं दुहेरी करून गाळून घ्या."

"एवढंच?"

"एवढंच."

काकांनी बटण दाबलं. चक्की फिरली, पिस्टनने वडी दाबली, पंपाचा आवाज आधी खडखडला, मग जड झाला, आणि स्क्रीनवर वासरू आलं नाही. बदामी थराची कॉफी उतरली. काकूंनी तिच्यात गरम दूध ओतलं, दोन चमचे साखर घातली आणि फडताळातून जायफळ नि छोटी किसणी काढली. कॉफीत जायफळ नाही तर ती कॉफी कसली, हे आमच्याही घरचं मत. मी चहाबाज, वर्षाला तीन-चार कॉफ्या पीत असेन, त्या सगळ्या जायफळाच्या. कप हातात घेऊन मी वहीत तारीख टाकली. बाबांनी आखलेली वही, त्यात शेवटचा रकाना 'कारण'. क्षार, क्षार, चिकोरी, कोरडी रिंग, क्षार. त्यांच्याखाली लिहिलं, वाळा.

काकू मशीनकडे निरखून बघत होत्या. "काय गं," त्या म्हणाल्या, "हे जायफळ रोज किसत बसण्यापेक्षा दाण्यांबरोबर वरूनच एक टाकलं तर?"

मी कप खाली ठेवला आणि दाण्यांच्या झाकणावर हात धरला.