मधल्या फळीतील अव्यय

भांडुप पश्चिमेला सपाट जमीन दुर्मीळ. स्थानकाबाहेर पडून लालबहादूर शास्त्री मार्ग ओलांडला की रस्ते डोंगराकडे चढू लागतात आणि घरेही त्यांच्यामागून चढतात. आमच्या मुलांना खेळायला मिळालेले मैदानही त्यामुळे कलते आहे. नाणेफेक जिंकणारा संघ पूर्वार्धात वरची बाजू घेतो, कारण मग चेंडूला उताराची साथ मिळते. आणि पावसाळ्यात खालच्या गोलासमोर जे तळे साचते त्यात बचावफळीपेक्षा बेडकांचाच वावर अधिक असतो. कडेला टेनिस चेंडूच्या क्रिकेटचे दोन-तीन सामने एकमेकांत मिसळून चाललेले असतात. त्यांचा क्षेत्ररक्षक कोणता आणि आमचा बचावपटू कोणता, हे नवख्याला सांगता येऊ नये.

आम्ही पेशाने मराठीचे अध्यापक. फुटबॉल खेळलो तो शाळेत, तोही गोलरक्षक म्हणून, कारण धावता येत नसे. वस्तीतल्या मुलांच्या संघाला शिकवणारे गृहस्थ नोकरीनिमित्त पुण्यास गेले आणि त्यांची शिट्टी, कुणी मागितली नसताना, आमच्या गळ्यात आली. ही २०१८ची गोष्ट. पुस्तके वाचून प्रशिक्षक होता येते अशी आमची तेव्हा समजूत होती, अध्यापकांची असते.

सामने बहुधा नऊ-नऊ जणांचे. गोलरक्षक, तीन बचावपटू, मधल्या फळीत तीन आणि आघाडीला दोन. या मधल्या तिघांत मागे खेळणारा, पाठीवर सहा आकडा असलेला एक मुलगा होता. वय सतरा. अंगाने किरकोळ. त्याचे वडील भांडुपच्या जलशुद्धीकरण संकुलात कामाला होते. तानसा, वैतरणा, भातसा ही नावे मुंबईकराला पाठ असतात. पण त्या पाण्याचा मोठा हिस्सा शुद्ध होऊन शहरात जातो तो आमच्या भांडुपातून, हे त्याला नळ कोरडा पडल्याच्या दिवशीच आठवते. हा मुलगा नेमका तसाच खेळत असे. त्याने कुणाला हुलकावणी दिलेली आम्ही पाहिली नाही. चेंडू आला की तो दोन पावलांवरच्या सोबत्याकडे देई, पुष्कळदा मागेच देई, आणि पुन्हा आपल्या जागी जाऊन उभा राही.

आम्हांला तो अडगळ वाटू लागला. त्याच सुमारास संघात एक नवा मुलगा आला होता. चेंडू त्याच्या पायाला चिकटलेला असे आणि तो निघाला की क्रिकेट खेळणारेही थांबून पाहत. ऑगस्ट २०१९मध्ये ठाण्यातील एका स्पर्धेत उपान्त्य सामन्याला आम्ही सहा क्रमांकाला बाहेर बसवून या नव्याला मधल्या फळीत आणले. दोन जण पुढे जाणारे होतेच, आता तिसराही झाला. चांगल्यात चांगल्याची भर घातली की अधिक चांगले होते, असे साधे गणित.

पहिली वीस मिनिटे आम्ही अप्रतिम खेळलो आणि एक गोलही केला. मग आमचा डावा बचावपटू नेहमीप्रमाणे चेंडूबरोबर वर गेला आणि चेंडू गमावला. प्रतिपक्षाने तो त्याने मोकळ्या सोडलेल्या जागेत टाकला. तेथे कुणीच नव्हते. आजवर तेथे कोणीतरी असे, हे आम्हांला त्या क्षणी कळले. डावा बचावपटू पुढे सरकला की सहा क्रमांक न सांगता डावीकडे सरके. दोघे सोबती वर गेले की तो थांबे. चेंडू गेला की पहिला अडसर त्याचा होई आणि तेवढ्या दोन-तीन श्वासांत बाकीचे माघारी येत. तो जे मागे पास देई तेही भित्रेपणाने नव्हे, तर पुढच्यांना जागा घ्यायला उसंत मिळावी म्हणून. सामना आम्ही एकास चार गोलांनी हरलो. बाकावर बसलेल्या त्या मुलाने उत्तरार्धात आमच्याकडे एकदाच पाहिले. आम्ही त्याला तरीही उतरवले नाही, कारण उतरवणे म्हणजे चूक कबूल करणे होते. पुढच्या रविवारी तो आला नाही, नंतरही नाही. निरोप पाठवायला हवा होता. आम्ही तोही पाठवला नाही.

वर्गात आम्ही विद्यार्थ्यांना बजावत असतो की कवितेत शब्दांइतकीच शब्दांमधली जागा वाचा. मैदानावर मात्र आम्ही फक्त ठळक टाइपातला मजकूर वाचत होतो.

यात आम्ही एकटे नव्हतो, हे समाधान पुढे मिळाले, अर्थात निरुपयोगी. २००३च्या उन्हाळ्यात रेआल माद्रिदने बेकहॅमला आणले आणि मधल्या फळीत झाडलोट करणाऱ्या माकेलेलेला चेल्सीकडे जाऊ दिले. २००३-०४च्या लीगमध्ये ते तारकामंडळ चौथे आले. टाळेबंदीनंतरच्या २०२०-२१च्या हंगामात सारे सामने गोव्यात, रिकाम्या स्टेडियमांत झाले. ते आम्ही घरी बसून पाहिले, आणि पहिल्यांदाच चेंडूवरून नजर काढून. मुंबई सिटीच्या सर्जिओ लोबेराच्या संघात अहमद जाहू मागे राहून लांब पास देई, ह्यूगो बुमूस पुढे मोकळा हिंडे. या दोघांची वाहवा होत असताना रॉलिन बोर्जेस कुठे उभा आहे, एवढेच आम्ही पाहत बसू. त्या वर्षी मुंबईने विजेतेपद मिळवले. समतोल म्हणजे निम्मे चढाईचे आणि निम्मे बचावाचे अशी वाटणी नव्हे. एकाने जायचे ठरवले की दुसऱ्याने त्याच क्षणी न जाण्याचे ठरवणे, तेही त्याच्याकडे न पाहता, असे काहीतरी ते आहे.

त्याच वर्षी, मे २०२१मध्ये, फोर्तुनातो फ्रँको वारले. मूळचे गोव्याचे, मुंबईत टाटांच्या संघातून खेळलेले हाफ-बॅक. १९६२च्या जकार्ता आशियाई क्रीडास्पर्धेत भारताने कोरियाला २-१ हरवून सुवर्णपदक मिळवले, त्या संघात ते होते. रहीमसाहेबांनी डोक्याला टाके पडलेल्या जर्नेल सिंगला बचावातून उचलून आघाडीवर खेळवले आणि अंतिम सामन्यात त्याने गोल केला, ही कथा सर्वांना ठाऊक आहे, पी. के. बॅनर्जी, चुनी गोस्वामी, बलराम ही नावेही. पण बचावाचा खांब असा पुढे हलवायचा तर मधे कुणीतरी न हलणारे लागते. ते फ्रँको आणि प्रशांत सिन्हा यांनी केले, असे आमचे मत. याच कोरियाकडून भारत त्या स्पर्धेतला पहिला सामना हरला होता, हे ध्यानात घेतले की या मताला थोडे वजन येते. आमच्या महाविद्यालयात फ्रँको हे नाव आम्ही पाचसहा फुटबॉलवेड्यांना विचारले. एकालाही ठाऊक नव्हते.

आता व्याकरणाच्या तासाला उभयान्वयी अव्यय आले की आम्ही जरा रेंगाळतो. ‘आणि’, ‘पण’, ‘म्हणून’. लिंग, वचन, विभक्ती यांनी जो बदलत नाही आणि दोन वाक्यांना सुटू देत नाही असा शब्द. परीक्षेत त्याला जेमतेम एक गुण असतो.

२०२३च्या डिसेंबरात तो मुलगा भांडुप स्थानकावर भेटला. पाठीवर कुरिअरची मोठी पिशवी. त्यानेच हाक मारली. आम्ही २०१९चा विषय काढून काहीतरी अडखळत बोलू लागलो, तर त्याने ते ऐकून न ऐकल्यासारखे केले आणि विचारले, “सर, डावा बॅक अजून वर जातो का?”

“जातो.”

“मग मागे कोण थांबतं?”

हल्ली मधले तिघे आळीपाळीने थांबतात, असे आम्ही थोड्या अभिमानाने सांगितले. पाहून, वाचून, तीन वर्षे खपून मुलांना बसवलेली रीत होती ती. तो हसला. “आळीपाळीनं नाही जमत, सर. तिघांनाही वाटतं, दुसरा थांबलाय.”

आम्ही म्हटले, जमते, सराव लागतो. तो म्हणाला, उतारावर नाही जमत. गाडीत चढलो तरी वाद चालूच होता. नाहूर गेले तेव्हा तो बोटाने खिडकीच्या धुळीवर आमचे मैदान काढून दाखवत होता, वरचा गोल, खालचा गोल, तळे. रविवारी ये, असे आम्ही म्हटले. रविवारी सुट्टी नसते, असे सांगून तो मुलुंडला उतरला.