मोआबच्या लाल वाटा आणि जीपची निवड

अमेरिकेच्या युटा राज्यात कोलोरॅडो नदीच्या काठी मोआब नावाचे छोटेसे गाव आहे. सॉल्ट लेक सिटीहून आग्नेयेला सुमारे पावणेचारशे किलोमीटर अंतर कापले की डोंगरांचा रंग बदलतो आणि विटकरी, शेंदरी, तांबड्या खडकांचा प्रदेश सुरू होतो. एका बाजूला नैसर्गिक कमानींचे आर्चेस, तर दुसऱ्या बाजूला खोल दऱ्यांचे कॅनियनलँड्स, अशी दोन राष्ट्रीय उद्याने इथे आहेत. अमेरिकेत स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही आई-वडील भारतातून आले की मोठी गाडी घेऊन इकडे सहल काढतात. गाडी निवडताना मात्र पुष्कळांचा गोंधळ उडतो.

जीपचे माहेरघर नव्हे, पण...

जीप जन्मली दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आणि तिचा जुना कारखाना आहे ओहायो राज्यातील टोलेडो शहरात. तरी जीपवेड्यांची पंढरी म्हणजे मोआबच. 1952 मध्ये चार्ल्स स्टीन यांना या परिसरात युरेनियमचा मोठा साठा सापडला. त्यानंतर खनिजाच्या शोधात कडेकपारीतून कच्चे रस्ते काढले गेले. खाणींचा बहर ओसरला, रस्ते उरले. 1967 पासून ईस्टरच्या सुमारास इथे ‘जीप सफारी’ भरते आणि देशभरातून जीपवाले जमतात.

महाराष्ट्रालाही ही गाडी परकी नाही. स्वातंत्र्यानंतर लगेचच महिंद्रने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. पुण्याजवळच्या रांजणगावात 2021 मध्ये रँग्लरची आणि 2022 मध्ये ग्रँड चेरोकीची जुळणी सुरू झाली.

नाव एक, तऱ्हा अनेक

जीपच्या एकाच मॉडेलच्या अनेक श्रेणी असतात. त्यांच्या किमतींत फरक असतो, तसाच अंगच्या गुणांतही. रँग्लरच्या स्पोर्ट, सहारा आणि रुबिकॉन या प्रमुख श्रेणी. सहारात आरामाच्या सोयी अधिक. कॅलिफोर्नियातील एका खडतर वाटेचे नाव घेतलेल्या रुबिकॉनची चाके मोठी असतात आणि पुढची-मागची चाके जोडीजोडीने ‘लॉक’ करता येतात. त्यामुळे एक चाक अधांतरी राहिले तरी दुसरे गाडी ओढते. परंतु रँग्लरमध्ये आसनांच्या दोनच रांगा, पायरी उंच आणि लांबच्या प्रवासात वाऱ्याचा आवाज फार. गुडघेदुखी असलेल्या आजीला ती दिवसातून दहा वेळा चढणे-उतरणे जिकिरीचे होते.

ग्रँड चेरोकी ही घरगुती प्रवासाची गाडी. 2021 मध्ये आलेल्या ‘ग्रँड चेरोकी एल’मध्ये तिसरी रांग आहे. लांबी सुमारे 5.2 मीटर, म्हणजे दोन रांगांच्या गाडीपेक्षा साधारण 29 सेंटिमीटर जास्त. आजी-आजोबा, आई-बाबा आणि दोन मुले आरामात बसतात. खडकाळ चढ-उतारावर मात्र हीच लांबी अडचणीची ठरते.

खरी मेख पुढेच आहे. 2022 च्या ग्रँड चेरोकीत लॅरेडो आणि लिमिटेड या श्रेणी चारही चाकांना ताकद देणाऱ्या घेतल्या, तरी त्यांत ‘लो रेंज’, म्हणजे अतिशय हळू पण जोरकस चालवणारा खास गिअर नव्हता. तो ओव्हरलँडसारख्या वरच्या आणि ट्रेलहॉकसारख्या खडतर वाटांसाठीच्या श्रेणीत मिळे. ट्रेलहॉक तर तीन रांगांच्या ‘एल’मध्ये मिळतच नसे.

वाट कोणती?

हा फरक कॅनियनलँड्समध्ये महत्त्वाचा ठरतो. तिथल्या 160 किलोमीटर लांबीच्या व्हाइट रिम मार्गासाठी परवाना लागतोच, शिवाय जमिनीपासून पुरेशी उंच आणि लो रेंज असलेली गाडी लागते. नुसती चारही चाके फिरणारी गाडी पुरत नाही. वाटेत पिण्याचे पाणी मिळत नाही आणि गाडी अडकली तर ती ओढून आणायला हजार डॉलरपेक्षा जास्त खर्च येऊ शकतो. वळणावळणांनी कडा उतरणाऱ्या शेफर मार्गावर तर एका बाजूला कातळ आणि दुसऱ्या बाजूला दरी असते.

सुदैवाने मोआबचे बहुतेक वैभव डांबरी रस्त्यावरून दिसते. आर्चेसमधला मुख्य रस्ता, कॅनियनलँड्सचे ग्रँड व्ह्यू पॉइंट, कोलोरॅडोचे प्रचंड वळण दाखवणारे डेड हॉर्स पॉइंट, या सर्व ठिकाणी साधी लॅरेडोच काय, लहान मोटारही जाते. मेसा आर्चसाठी जाऊन-येऊन जेमतेम एक किलोमीटर चालावे लागते. डेलिकेट आर्चची जवळपास पाच किलोमीटरची चढणीची पायपीट ज्येष्ठांना झेपणार नसेल, तर ती कमान दुरून पाहण्याची सोय आहे.

म्हणून सहकुटुंब जाणाऱ्यांनी प्रवासासाठी ऐसपैस आणि साधी गाडी घ्यावी. खडकांवरच्या थराराची हौस असेल तर मोआबमध्ये एका दिवसापुरती तयार जीप भाड्याने मिळते किंवा माहितगार चालकासह सफरही करता येते. इतर शहरांतून भाड्याने आणलेली गाडी कच्च्या वाटेवर न्यायला करारात बहुधा मनाई असते. ती अट आधी वाचावी, नाहीतर नुकसानीचा सगळा भुर्दंड आपल्यावर पडतो.

मार्च ते मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हा काळ उत्तम. उन्हाळ्यात ऊन भाजून काढते आणि अचानक आलेल्या पावसाने कोरडे ओढे क्षणात भरून वाहतात. टोपी आणि भरपूर पाणी बरोबर हवेच. आधी वाटा ठरवाव्यात, मग माणसे मोजावीत आणि गाडीची श्रेणी शेवटी पाहावी.